खांदा, गुडघा, घोटा दाखवायला निघण्याआधी: मणक्याबाहेरच्या सांध्यांवरचे कायरोप्रॅक्टिक उपचार

कायरोप्रॅक्टिक, म्हणजे सांधे हाताने हलवून, छोटे झटके देऊन केलेले उपचार, म्हटलं की पाठ आणि मान एवढंच आठवतं. पण याच पद्धतीत खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा आणि जबडा यांच्यावरही काम केलं जातं. बेळगाव भागात ही दुखणी बहुतेकदा कामातूनच येतात. निपाणीकडे विड्या वळून अंगठा धरतो, शहापूर-वडगावला मागावर उभं राहून खांदा भरतो, उद्यमबागेत जड जॉब उचलून कोपर दुखतं, आणि खानापूर भागात रोप लावणीच्या चिखलात घोटा मुरगळतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट हवी. सांध्याला दिलेला झटका हा उपचाराचा लहानसा भाग आहे. त्याने अडलेली हालचाल थोडी मोकळी होते आणि दुखणं काही तास, फार तर काही दिवस हलकं होतं. तेवढ्या वेळात योग्य व्यायाम केला तर सुधारणा टिकते, नाहीतर पुढच्या आठवड्यात तिथेच परत याल. ‘कट्ट’ आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, हा समज सोडून द्या. सांध्यातल्या द्रवावरचा दाब अचानक कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो. आवाज न येताही उपचार लागू पडतो, आणि आवाज येऊनही काही फरक न पडणं शक्य आहे.

१. आधी पाहा: हा सांधा हाताने हलवण्याजोगा आहे का?

खालीलपैकी काहीही असेल तर कायरोप्रॅक्टरकडे नाही, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा सिव्हिलला जायचं:

- सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. सांध्यात पू झाला असेल तर काही दिवसांतच कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, खराब होते. ही तातडीची वेळ आहे.
- पडल्यावर, अपघातानंतर सांध्याचा आकार बदललेला दिसणं.
- हात किंवा पाय बधिर, थंड किंवा निळसर पडणं.
- एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. शिरेत रक्ताची गाठ असेल तर चोळणं जिवावर बेतू शकतं.
- रात्री विश्रांतीतही न थांबणारं दुखणं, वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं.

काही आजारांत झटका देणं टाळायचं असतं: हाडं ठिसूळ झालेली असणं, संधिवाताचा भडका, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कृत्रिम सांधा बसवलेला असणं, बरेच महिने स्टेरॉइड घेतलेलं असणं. शेवटच्या बाबतीत आपल्याकडे विशेष जपायला हवं. सांधेदुखीवर मिळणाऱ्या, नाव-घटक न लिहिलेल्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं. पुडी घेतली की दोन दिवसांत जादूसारखा आराम पडत असेल तर ती पुडी डॉक्टरांना नक्की दाखवा.

घोटा मुरगळल्यावर एक्स-रे लागेल का, हे ठरवायला एक साधी तपासणी आहे आणि जगभर तीच वापरतात. घोट्याच्या बाहेरच्या व आतल्या उंचवट्याची मागची कड, खालच्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबून पाहा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी दाबा. शेवटी पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्याजवळच्या हाडावर दाबा. यांपैकी कुठेही हाडावरच कळ आली, किंवा मुरगळल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता आली नाहीत, तर आधी एक्स-रे. सूज किती आहे यावरून फ्रॅक्चर ओळखता येत नाही.

गुडघ्याचंही तसंच. वय ५५ किंवा जास्त असेल, फक्त वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या टोकावर दाबल्यावर दुखत असेल, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर मार लागल्यावर एक्स-रे काढूनच पुढे जायचं.

गावात पडलेल्या माणसाला आधी हाडवैद्याकडे नेण्याची रीत आहे. त्यातले दोन धोके फार मोठे आहेत. घट्ट बांधलेल्या कांबट्यांखाली सूज वाढली की रक्तपुरवठा तुटतो. बोटं हलवताना असह्य कळ, मुंग्या, फिकटपणा यांपैकी काही जाणवलं तर बांधलेलं त्याच क्षणी सोडा आणि दवाखाना गाठा. सकाळची वाट पाहू नका. दुसरा धोका लहान मुलांच्या कोपराला. मार लागलेलं कोपर तेल लावून जोरात चोळलं की स्नायूत हाड तयार होऊ शकतं, आणि मग कोपर कायमचं आखडतं.

२. दुखतंय तिथंच मूळ आहे का?

खांद्यापासून दंडापर्यंत उतरणारी कळ मानेतल्या नसेची असू शकते. मान वळवल्यावर ती वाढते का, पाहा. चालताना डावा खांदा भरून येत असेल, दम लागत असेल, घाम फुटत असेल तर आधी ईसीजी. उजव्या खांद्याच्या टोकाचं दुखणं पित्ताशयाचंही असतं.

गुडघा दुखतो म्हणणाऱ्या माणसाचा खुबा तपासल्याशिवाय गुडघ्याला हात लावू देऊ नका, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. मुलांच्या बाबतीत तर हा नियमच समजा. चार ते आठ वर्षांचं मूल लंगडत असेल किंवा दहा ते सोळा वर्षांचा मुलगा ‘गुडघा दुखतो’ म्हणत पाय बाहेर वळवून चालत असेल, तर खुब्याचा एक्स-रे हवा. वाढीच्या जागेवरून हाड सरकलेलं असेल आणि कोणी पाय ओढला तर ते आणखी सरकतं.

३. कोणाकडे जायचं?

भारतात कायरोप्रॅक्टरसाठी स्वतंत्र सरकारी परिषद नाही. त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय यावर विसंबू नका, शिक्षण विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण शिक्षण म्हणजे चार वर्षांत किमान ४,२०० तास, आणि त्यात देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर केलेले १,००० तास. दोन दिवसांच्या शिबिरात शिकून आलेल्या माणसाने गुडघ्याला झटका देणं आणि हे शिक्षण यांत फार अंतर आहे. कोणत्या देशात, कोणत्या कॉलेजात, किती वर्षं शिकलात, हे तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका. नीट शिकलेला माणूस आनंदाने सांगतो.

मणक्याबाहेरच्या सांध्यांचं मुद्दाम वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हेही विचारा. काही जण पाठीत तरबेज असतात, पण घोट्याला क्वचितच हात लावतात.

असा माणूस आपल्या तालुक्यात नसेल तर पुण्या-मुंबईच्या फेऱ्या मारण्याची गरज बहुतेकांना नसते. सांधा हाताने मोकळा करण्याचं तंत्र फिजिओथेरपिस्टही शिकतात, आणि त्यांचा पेशा २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली येतो. बेळगावात केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेलं जिल्हा रुग्णालय आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज जवळ पडतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सांध्याचं मोबिलायझेशन (हाताने मोकळा करणं) आणि व्यायाम’ असं लिहून घ्या. नुसती शेक आणि करंटची मशीन लावून परत पाठवलं तर ते अर्धवट काम.

कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांना २००७ च्या कायद्याखाली, म्हणजे केपीएमईखाली, नोंदणी लागते. फिजिओथेरपी केंद्रंही त्यात येतात. नोंदणीचा दाखला आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. नसेल तर विचारा.

४. सोबत काय न्यायचं?

- एक्स-रेची मूळ फिल्म आणि रिपोर्ट. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही, बारीक भेग त्यात दिसत नाही.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट. पुड्या, काढे, तेलंसुद्धा.
- मधुमेह असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे मागच्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा, ताजा रिपोर्ट. पायाच्या अंगठ्याजवळचा सांधा वारंवार सुजत असेल तर युरिक अॅसिडचा.
- सांध्यात पूर्वी इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख आणि औषधाचं नाव.
- गुडघा-खुब्यासाठी सैल हाफ पँट, खांद्यासाठी बिनबाह्यांचा कपडा. बायकांनी सोबत घरचं माणूस न्यावं आणि तपासणीच्या खोलीत त्याला थांबू द्यावं.
- रोज जी चप्पल किंवा बूट घालून काम करता, तेच. टाच एका बाजूने झिजलेली असेल तर तपासणाऱ्याला खूप काही कळतं.

संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतं. सही करण्याआधी मराठीत वाचून दाखवायला सांगा. टेबलवर असताना दुखलं की ‘थांबा’ म्हणा, समोरचा कन्नड बोलणारा असेल तर ‘साकरी’. तो शब्द ऐकल्यावर हात थांबलाच पाहिजे.

५. पहिल्या भेटीत काय व्हायला हवं?

निम्म्याहून जास्त वेळ विचारपूस आणि तपासणीत गेला पाहिजे. आधी तुम्ही स्वतः सांधा हलवता, मग तपासणारा तो हलवतो, मग दुखऱ्या आणि चांगल्या बाजूची तुलना करतो. त्यानंतर एक हाड पक्कं धरून दुसरं किंचित पुढे-मागे सरकवून पाहतो. सांध्यात ही बारीक सरक असते, आणि ती कुठल्या दिशेला अडली आहे यावरच उपचाराची दिशा ठरते. सरक आधीच जास्त असेल, म्हणजे सांधा सैल असेल, तर झटका देणं चूक आहे. तालमीत खांदा वारंवार निखळलेल्या पैलवानाला खांदा ‘मोकळा’ करून नको असतो, घट्ट करून हवा असतो.

उपचाराआधी चार गोष्टी तुम्हाला कळायला हव्यात: निदान काय, हाताने नेमकं काय करणार, त्यात धोका काय, आणि न केल्यास दुसरा मार्ग कोणता. नंतर २४ ते ४८ तास सांधा जड वाटणं, ठसठसणं सामान्य आहे. त्याहून जास्त दुखलं, सूज वाढली किंवा बधिरपणा आला तर फोन करून सांगा आणि पुढची भेट थांबवा.

गुडघा दाखवायला गेलात आणि ‘सगळं शरीर जोडलेलं आहे’ म्हणून मानही मोडायला लागले, तर स्पष्ट नकार द्या. मान तपासणं वेगळं आणि मानेला झटका देणं वेगळं. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी धमनी चिरून झटका, म्हणजे स्ट्रोक, आल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. ती क्वचितची आहेत, पण गुडघ्यासाठी तो धोका पत्करायचं काहीच कारण नाही. तसंच ‘एक पाय लहान आहे, ओढून सारखा करतो’ हेही. टेबलवर झोपवून टाचा जुळवल्या की कमरेच्या ठेवणीने एक-दीड सेंटिमीटरचा फरक सहज दिसतो आणि नुसतं पुन्हा झोपवलं तरी जातो.

६. सांध्यागणिक

*घोटा.* मुरगळून गेलेला घोटा हा हाताच्या उपचारांना चांगला दाद देणारा सांधा आहे. सूज ओसरल्यावरही पाऊल वर वळत नाही, उकिडवं बसताना टाच उचलली जाते, जिना उतरताना अडखळायला होतं. तिथे उपचाराचा उपयोग होतो. उपचार करणारा दोन्ही हातांनी पाऊल धरून पायाच्या रेषेत अगदी छोटा, जलद हिसका देतो, किंवा नडगीखालचं हाड हळूहळू मागे सरकवतो.

फरक पडला का, ते घरी मोजा. भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभे राहा, टाच जमिनीवर टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावा, आणि पाऊल जितकं मागे नेता येईल तितकं न्या. अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. दोन पायांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून अडलेला आहे. उपचाराआधी आणि लगेच नंतर मोजलं की हातात आकडा येतो, कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा लागत नाही.

त्याच दिवसापासून व्यायाम: भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणं १० ते १५ वेळा, अशा तीन फेऱ्या, आणि एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, तीनदा. जमायला लागलं की तेच डोळे मिटून, पण हाताशी भिंत हवी. तोल सावरण्याचा सराव सोडला की बांधावरून चालताना तोच घोटा पुन्हा मुरगळतो. लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा, ताणल्याने मेंदूला पावलाची स्थिती कळवणारी यंत्रणा मंदावलेली असते, आणि ती झटक्याने सुधारत नाही.

*खांदा.* इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून थोडं सविस्तर. कोपर काटकोनात वाकवून कुशीला चिकटवा आणि हात बाहेरच्या बाजूला वळवा. स्वतःलाही वळवता येत नाही आणि दुसऱ्याने वळवूनही वळत नाही, तर खांदा आखडलेला म्हणजे ‘फ्रोजन’ असण्याची शक्यता जास्त. दुसरा माणूस हात वर नेऊ शकतो, पण तुमचा तुम्हाला उचलत नाही, तर टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, फाटला असेल. सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या.

फ्रोजन शोल्डर मधुमेह्यांत जास्त दिसतो आणि पूर्ण सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात. पहिल्या टप्प्यात रात्रीची झोप उडवणारं दुखणं असतं. त्या वेळी जोरात ओढलं तर आतली सूज भडकते आणि खांदा आणखी आखडतो. तेव्हा फक्त लोलकासारखा हात झुलवणं, दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सांध्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन याच टप्प्यात उपयोगी पडतं. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून रोज तपासा. दुखणं कमी होऊन नुसता ताठरपणा उरला की हाताच्या उपचारांची वेळ येते. मग काठी दोन्ही हातांत धरून दुखरा हात बाहेर ढकलायचा, १० सेकंद थांबायचं, १० ते १५ वेळा, दिवसातून दोनदा.

फिट येऊन किंवा विजेचा धक्का बसल्यानंतर हात बाहेर वळेनासा झाला असेल तर त्याला फ्रोजन म्हणू नका. खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो, आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत तो सुटून जातो. बाजूचा एक्स-रेही मागा.

*कोपर.* बाहेरच्या उंचवट्यावर दुखत असेल, हातोडा-पाना धरताना कळ येत असेल तर तो बहुधा टेनिस एल्बो. त्यावर कोपर सरळ करून, मनगट दुमडून द्यायचा एक जुना झटका आहे. कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर तो द्यायचा नाही, सांधाच दुखावतो. खरा उपाय म्हणजे अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात धरून, तळवा खाली करून, मनगट सावकाश खाली सोडणं: १० ते १५ वेळा, तीन फेऱ्या, निदान सहा ते बारा आठवडे.

*मनगट आणि अंगठा.* तळहातावर पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दाबून दुखतंय, तर एक्स-रे नॉर्मल आला तरी मनगटाला झटका देऊ देऊ नका. तिथल्या छोट्या हाडाची भेग पहिल्या एक्स-रेत दिसत नाही असं पुष्कळदा होतं. पट्टी बांधून १० ते १४ दिवसांनी पुन्हा काढायचा. विड्या वळणाऱ्यांचा अंगठा बहुतेकदा टेंडनच्या सुजेने दुखतो. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवलं की कळ येते. इथे झटक्याचा उपयोग नाही. अंगठ्यासकट बसणारी पट्टी आणि तीन-चार आठवडे वळणीचं काम कमी करणं हाच उपाय. मजुरी बुडते हे खरं, पण निदान रात्री आणि घरकामात पट्टी ठेवाच.

*गुडघा.* झिजलेली कूर्चा कोणत्याही झटक्याने परत येत नाही. तसं कोणी सांगत असेल तर तिथून उठा. हाताने गुडघा सैल करून घेतल्याने चालणं काही काळ सोपं होतं, त्याच काळात मांडीचा स्नायू भक्कम करायचा: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. भांगलणी उकिडवं बसून न करता ठेंगण्या स्टुलावर बसून करा. गुडघा अर्ध्यात अडकून सरळच होत नसेल तर आत गादी फाटून अडकली असेल, ती जोर लावून सोडवू देऊ नका.

*खुबा.* जांघेत दुखतं, मांडी घालून बसता येत नाही, आणि दारू किंवा स्टेरॉइडचा इतिहास आहे, तर एमआरआयआधी काहीही करायचं नाही. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटलेला असेल तर सुरुवातीच्या एक्स-रेत दिसत नाही.

*जबडा.* दोन-तीन बोटंसुद्धा तोंडात मावत नसतील तर आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा, तिथे बरेचदा दाढेचंच कारण निघतं.

७. किती भेटी, आणि कधी थांबायचं?

आठवड्याला दोन याप्रमाणे तीन आठवडे, म्हणजे सहा भेटी, एवढा अवधी उपयोग होतोय का हे कळायला पुरेसा आहे. वीस-तीस भेटींचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेऊ नका. सूट कितीही असो. पहिल्या दिवशी वहीत तीन गोष्टी लिहा: दुखणं शून्य ते दहांत किती, एक मोजता येणारी हालचाल (भिंतीपासूनचं अंतर, पाठीमागे अंगठा कुठपर्यंत जातो), आणि तुमचं एक रोजचं काम, जसं कळशी उचलणं किंवा गाडीला किक मारणं. दर आठवड्याला तेच पुन्हा लिहा.

सहाव्या भेटीनंतर तिन्ही ओळी जिथल्या तिथेच असतील तर वही आणि फिल्म घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सुधारणा दिसत असेल तर भेटी पंधरवड्यावर न्या, व्यायाम मात्र आणखी तीन महिने चालू ठेवा. दोन भेटींच्या मध्ये दुखणं पुन्हा होतं तेवढंच होत असेल, तर भेटी वाढवण्याआधी उपचार करणाऱ्यासमोर व्यायाम करून दाखवा. पुष्कळदा टाच पुरती उचललेली नसते, काठी कोपराच्या उंचीला धरलेली नसते, किंवा बाटली सावकाश सोडण्याऐवजी झटकन खाली टाकली जात असते.